‘ग्रंथ हाही अडथळाच’: ध्यानाकडे वळलेल्या एका वाचकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मी एका निवासी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. पुढे मांडलेले प्रकरण तिथे विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचे असून ते साधारण दहा महिन्यांत घडले. त्याने हा मजकूर वाचून संमती दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. निर्णय, त्यांचा क्रम आणि माझ्या चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत.

पहिल्या वर्षी तो ग्रंथालयात येऊ लागला तो अभ्यासिकेत शांत जागा मिळते म्हणून. पुस्तके न्यायला लागला ते बरेच नंतर. पण एकदा लागल्यावर थांबला नाही. रहस्यकथा, प्रवासवर्णने, आत्मचरित्रे, अनुवादित कादंबऱ्या, मध्येच पक्ष्यांवरचे एखादे पुस्तक, असा काहीच क्रम नसलेला क्रम होता. नाही आवडले तर पुस्तक तिसाव्या पानावर सोडून देण्यात त्याला संकोच वाटत नसे. मला त्याच्यातली हीच गोष्ट सर्वांत आश्वासक वाटत असे, कारण परीक्षेसाठी वाचणाऱ्याला ही मोकळीक नसते. ती केवळ आनंदासाठी वाचणाऱ्याकडे असते.

त्याची एक दोनशे पानी वही होती. डाव्या पानावर पुस्तकाचे नाव आणि नेल्याची व परत केल्याची तारीख; उजव्या पानावर आवडलेली वाक्ये आणि त्यांच्यामध्ये पेन्सिलीने स्वतःचे शेरे. एका आत्मचरित्राखाली त्याने लिहिले होते, “हा माणूस खोटं बोलतोय, पण छान बोलतोय.” एका कादंबरीखाली नुसतेच, “बाईचं काय झालं ते सांगा की.” देवघेवीच्या टेबलावर ही वही उघडी ठेवून तो पुस्तकांविषयी बोलत असे. वहीत पुढे काय बदलत गेले ते मला दिसू शकले ते त्यामुळे, आणि दिसूनही मी वेळेवर बोलले नाही, हा या प्रकरणाचा एक भाग आहे.

ध्यानाची ओढ

दुसऱ्या वर्षाच्या आरंभी त्याने नेलेल्या एका प्रवासवर्णनात लेखकाने एका बौद्ध विहारात काढलेल्या रात्रीचे चार-पाच पानांचे वर्णन होते. पहाटेच्या अंधारात भिक्षू ओळीने बसलेले आहेत, काहीही घडत नाही, आणि लेखकाला कंटाळा येतो, एवढाच प्रसंग. पुस्तक परत करताना विद्यार्थ्याने विचारले, “मॅडम, त्याला कंटाळा आला, मग त्यांना का येत नव्हता?” मला प्रश्न फार आवडला. अशा प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा पुस्तक देणे ही आमच्या व्यवसायाची सवय आहे. मी त्याला मज्झिमनिकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहातील दहाव्या, म्हणजे सतिपट्ठान सुत्ताचा मराठी अनुवाद काढून दिला.

या सुत्तात जागरूकतेचे चार विषय सांगितले आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. त्यापाठोपाठ त्याने त्याच निकायातले ११८ क्रमांकाचे आनापानसती सुत्त वाचले. श्वासावरच्या जागरूकतेच्या सोळा पायऱ्या त्यात आहेत, आणि पहिलीच पायरी त्याला विलक्षण वाटली: दीर्घ श्वास घेताना ‘मी दीर्घ श्वास घेत आहे’ हे जाणायचे, बस्स, श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, त्याला वळण लावायचे नाही. सकाळी दहा मिनिटे तो बसू लागला. पहिल्या महिन्याचा अनुभव चांगला होता. मन एका जागी राहत नाही हे आजवर आपल्याला माहीतच नव्हते, असे तो हसत सांगे. प्रयोगशाळेतही आपण कमी घाई करू लागलो आहोत, असे त्याचे म्हणणे होते.

त्याच सुमारास मी त्याला बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांची हकिकत सांगितली. मुलांच्या एका मराठी मासिकातला बुद्धचरित्रावरचा लेख वाचून त्यांना बुद्धाचा ध्यास लागला, १८९९ साली त्यांनी घर सोडले आणि १९०२ साली ते श्रीलंकेत पोहोचून श्रामणेर, म्हणजे नवदीक्षित भिक्षू, झाले. वाचनाने माणसाचे आयुष्य कसे पालटते याचे उदाहरण म्हणून ही गोष्ट मी अनेकांना सांगत आले आहे. ज्या रीतीने सांगत आले, त्या रीतीत एक दोष होता. त्याकडे शेवटी येते.

अडचण कशी वाढत गेली

पुढच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले होते. त्याच्याकडून याला पहाटे चारच्या घंटेविषयी, आर्य मौनाविषयी, म्हणजे शिबिरात पाळायच्या मौनाविषयी, आणि ‘अधिष्ठाना’विषयी कळले. अधिष्ठान म्हणजे तासभर डोळे न उघडता, हात-पाय न हलवता बसण्याचा निश्चय. शिबिरात ही बैठक विपश्यना शिकवल्यानंतर, चौथ्या दिवसापासून पुढे, आचार्यांच्या देखरेखीखाली सुरू होते. आमच्या विद्यार्थ्याने ती वसतिगृहाच्या खोलीत, ऐकीव माहितीवरच सुरू केली.

वहीचे उजवे पान बदलू लागले. वाक्ये कमी झाली, मग शेरे गेले, आणि त्यांच्या जागी आकडे आले: २०, ३०, ४५. एका साठाभोवती दोनदा चौकट काढलेली होती आणि पुढे लिहिले होते, “न हलता.” डाव्या पानावरही कादंबऱ्यांची नावे दिसेनाशी झाली. आता तिथे केवळ बौद्ध साहित्य होते आणि त्यातले एकही पुस्तक तिसाव्या पानावर सोडलेले नव्हते. मी हे पाहिले आणि मला आनंद झाला. मुलगा गंभीर वाचनाकडे वळला, असे मी मनाशी म्हटले.

सत्र परीक्षेच्या आधी सहा आठवडे तो पहाटे चारला उठत होता, परंतु खोलीतली इतर मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असल्यामुळे त्याला बारापूर्वी झोप मिळत नव्हती. मांडी घालून बसल्याने डावा गुडघा दुखू लागला, आणि एका सकाळी पाऊल बधिर झाले ते दोन दिवस तसेच राहिले. परीक्षेत एक विषय राहिला. मित्रांशी बोलणे कमी झाले. मग एका रात्री छाती धडधडून, घाम फुटून तो उठला. आपण मरणार अशी खात्री वाटली, आणि पुढच्या आठवड्यात असे आणखी दोनदा झाले.

यावर त्याने जे निदान केले ते पुस्तकातून केले. तोपर्यंत तो विशुद्धिमग्गाच्या अनुवादापर्यंत पोहोचला होता. बुद्धघोषाने पाचव्या शतकात श्रीलंकेत रचलेल्या या ग्रंथात तेवीस प्रकरणे आहेत, ध्यानाचे चाळीस विषय आहेत, आणि शेवटाकडे विपश्यनेत क्रमाने उमटणाऱ्या ज्ञानांचा आलेख आहे. त्यात एका टप्प्यावर सारे संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेल्या साऱ्या गोष्टी, भयरूप दिसू लागतात, पुढे त्यांतले दोष दिसतात आणि मग ‘निब्बिदा’, म्हणजे विरक्ती, येते. विद्यार्थ्याने आपली रात्रीची धडधड भयाच्या खणात बसवली, मित्रांचा व अभ्यासाचा कंटाळा निब्बिदेच्या खणात बसवला, आणि आपली प्रगती अपेक्षेपेक्षा वेगाने होत आहे असा निष्कर्ष काढला. यातले मला तेव्हा काहीही ठाऊक नव्हते.

एका दुपारी तो नऊ पुस्तके आणि ग्रंथालयाचे ओळखपत्र घेऊन टेबलासमोर उभा राहिला. त्याला सदस्यत्व रद्द करायचे होते. कारण विचारल्यावर त्याने वही उघडून दाखवली. विशुद्धिमग्गाच्या तिसऱ्या प्रकरणात ध्यानाआधी दूर करायचे दहा ‘पलिबोध’, म्हणजे अडथळे, दिले आहेत: निवास, कुटुंब, लाभ, गण, काम, प्रवास, नातलग, आजार, ग्रंथ आणि सिद्धी. नवव्या शब्दाखाली त्याने लाल रेघ ओढली होती. “ग्रंथ हाही अडथळाच आहे, मॅडम,” तो म्हणाला, “आणि शिबिरात तर वाचायला बंदीच असते.”

समोर असलेले पर्याय

रांगेत आणखी दोघे उभे होते. मी त्याला पाच मिनिटे बसायला सांगितले आणि त्या पाच मिनिटांत जे पर्याय मनात आले ते इथे प्रामाणिकपणे नोंदवते.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुस्तके जमा करून घेणे. सज्ञान वाचकाने काय वाचावे आणि वाचणे कधी थांबवावे हे ग्रंथपालाने ठरवू नये, हे तत्त्व मला मान्य आहे, आणि त्याच्या आडोशाला उभे राहणे त्या क्षणी सोयीचेही होते. दुसरा मार्ग वसतिगृहाच्या रेक्टरांना आणि त्यांच्यामार्फत घरी कळवण्याचा. त्याचा चेहरा ओढलेला दिसत होता, त्यामुळे हा विचार निराधार नव्हता. पण त्याच्या नकळत तसे केले असते तर जो एकमेव माणूस त्याच्याशी पुस्तकांविषयी बोलत होता तोही गमावला असता. धार्मिक पुस्तके काही काळ ‘उपलब्ध नाहीत’ असे सांगण्याची युक्ती एका सहकाऱ्याने नंतर सुचवली. ती मला तेव्हा सुचली नाही आणि सुचली असती तरी वापरली नसती.

समुपदेशकाकडे पाठवण्याचा पर्याय उघड होता. मात्र ‘तू ध्यान करतोस म्हणून समुपदेशकाकडे जा’ असा त्याचा अर्थ त्याने घेतला असता, आणि तो चुकीचा ठरला नसता, कारण मला त्याच्याविषयी दुसरे काहीच माहीत नव्हते. शिबिराला लगेच जाऊन ये, म्हणजे नीट शिकशील, असेही सांगता आले असते. ऐकायला हे समंजस वाटते. प्रत्यक्षात दिवसाला दहा तासांच्या आसपास ध्यान असलेल्या ठिकाणी, झोप हरवलेल्या अवस्थेतल्या मुलाला पाठवणे किती धोक्याचे ठरू शकते, हे मला समुपदेशकांकडून पुढे कळले. शिबिराच्या अर्जात मानसिक आरोग्याचा पूर्वेतिहास विचारतात तो उगीच नव्हे.

मला जे करता येत होते ते एकच होते: तो ज्या परिच्छेदावर उभा राहून बोलत होता तो परिच्छेद त्याच्यासोबत पूर्ण वाचणे.

त्या दुपारी काय केले

रांग संपल्यावर आम्ही संदर्भ विभागातल्या टेबलावर बसलो. त्याने आणलेल्या नऊ पुस्तकांतच तो ग्रंथ होता. दहा शब्दांच्या यादीनंतर बुद्धघोष थांबत नाही. तो एकेक अडथळा घेऊन तो कोणासाठी अडथळा आहे हे सांगतो. ग्रंथाविषयी तो म्हणतो की हा अडथळा सतत पाठांतर-पठणात गुंतलेल्यासाठी आहे, इतरांसाठी नाही. त्याखाली एका थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, गोष्ट येते. त्यांच्यावर मज्झिमनिकायाचे पठण चालू ठेवण्याची जबाबदारी होती, ध्यानाचा विषय घेतल्यावर त्यांनी वीसेक वर्षे पठण बाजूला ठेवले, आणि त्यानंतर शिष्य आले तेव्हा एकाही अक्षरावर न अडखळता त्यांनी सारा निकाय सांगितला. म्हणजे ज्या माणसाला ग्रंथ सोडायला सांगितले होते त्याला आधी तो अख्खा मुखोद्गत होता.

त्याने तो परिच्छेद दोनदा वाचला. मग म्हणाला, “हे मी वाचलं नव्हतं. यादी उतरवून घेतली आणि पुढे गेलो.”

मी विचारले, “एखाद्या कादंबरीत असं केलं असतंस?”

तो काही बोलला नाही. मी वहीची जुनी पाने उलटली आणि “खोटं बोलतोय, पण छान बोलतोय” हा शेरा त्याच्यासमोर ठेवला. गेल्या चार महिन्यांच्या पानांवर असा एकही शेरा नव्हता. का नाही, असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर माझ्या लक्षात राहिले आहे. पाच नीवरणांमध्ये, म्हणजे ध्यानात आड येणाऱ्या मनाच्या अवस्थांमध्ये, विचिकित्सा, म्हणजे संशय, हेही एक नीवरण आहे, म्हणून ही पुस्तके वाचताना त्याने शंका घेणे जाणूनबुजून बंद केले होते. गमतीसाठी वाचताना तो लेखकाची उलटतपासणी घेत असे आणि आयुष्य ज्याच्या आधारावर बेतायचे ते मात्र यादीसारखे उतरवून घेत होता. मी त्याला एवढेच म्हटले की संशय हा अडथळा आहे असे सांगणारे वाक्य नीट समजले की नाही, हे तरी तपासायला हवे ना?

गुडघ्याची गोष्ट त्यानंतर निघाली, आणि तीही एका शब्दावरून. उठताना तो लंगडला. मी विचारले तेव्हा तो म्हणाला की ती वेदनानुपश्यना आहे: वेदना येते, तिच्याकडे पाहत राहायचे, हलायचे नाही. क्षणभर मला त्यात काही गैर वाटले नाही, कारण माझ्याही कानाला वेदना म्हणजे दुखणेच. मग मी सुत्ताचे पान काढले. पाली ‘वेदना’ तीन प्रकारची आहे: सुखद, दुःखद आणि सुखदही नाही, दुःखदही नाही अशी. स्पर्शासोबत उमटणाऱ्या प्रत्येक अनुभवाचा तो रंग आहे. वाऱ्याची झुळूकही वेदनाच. अनुवादकाने मूळ शब्द तसाच ठेवला होता आणि मराठी वाचकाला तो ओळखीचा वाटल्यामुळे कोशात पाहण्याची गरज वाटली नव्हती. परक्या शब्दापाशी वाचक थांबतो. आपल्याच घरातला शब्द वेगळ्या अर्थाने समोर आला तर थांबत नाही. ‘विज्ञान’, ‘संज्ञा’, ‘संस्कार’, ‘समाधी’ या सर्वांचे मराठीत असेच होते, आणि या प्रकरणात त्या एका शब्दाची किंमत एका पोराच्या गुडघ्याने मोजली होती.

यानंतर मी असा प्रश्न विचारला, जो मी दोन महिने आधी विचारायला हवा होता: “झोपतोस किती?” चार तास, हे उत्तर आले आणि त्यामागोमाग रात्रीच्या तीन प्रसंगांची हकिकत आली. इथे पुस्तके मिटली. ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही,’ असे मी त्याला स्पष्ट सांगितले आणि समुपदेशकांना त्याच्यासमोर, त्याची परवानगी घेऊन, फोन केला. भेट त्याच संध्याकाळची मिळाली. ओळखपत्र त्याने परत खिशात ठेवले, नऊपैकी सात पुस्तके जमा केली.

पुढे काय झाले

डॉक्टरांच्या तपासणीत असे निघाले की मांडी घालून फार वेळ बसल्यामुळे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली गेली होती. काही आठवडे खुर्चीवर बसायला सांगितले; पाऊल पूर्ण बरे झाले, गुडघ्याला दोन महिने लागले. समुपदेशकांनी रात्रीच्या प्रसंगांना घबराटीचे झटके म्हटले. त्यांनी ध्यान बंद करायला लावले नाही, पण पहिल्या तीन आठवड्यांसाठी झोप आधी आणि बैठक नंतर असा क्रम लावून दिला: सात तास झोप झाली असेल त्याच दिवशी बसायचे, वीस मिनिटांच्या वर नाही, आणि डोळे उघडे ठेवून. ध्यानातून असे त्रास होऊ शकतात हे त्यांना नवे नव्हते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, बौद्ध ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या एका अभ्यासात ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले गेले आहेत आणि त्यांत भीती व झोपेतले बदल आहेत, हे त्यांनीच मला सांगितले. याचा अर्थ ध्यान घातक आहे असा नाही, त्रास झाला तर तो प्रगतीच असतो असे मात्र समजू नये, हे त्यांचे म्हणणे.

मुलाला ते पटले नव्हते. भयाच्या टप्प्याविषयीचे आपले निदान चुकले असे तो मान्य करत नव्हता. फक्त नियम पाळत होता. झटके एकदा पुन्हा आले, मग बंद झाले. राहिलेला विषय पुढच्या सत्रात सुटला, गुण जेमतेम.

उलगडा तीन महिन्यांनी झाला आणि तो त्याने स्वतःच केला. विशुद्धिमग्ग तो आता सलग, हळू वाचत होता. एकविसाव्या प्रकरणात पोहोचल्यावर एका सकाळी ग्रंथालय उघडता उघडता तो पुस्तक घेऊन आला. सर्व संस्कार भयरूप दिसण्याच्या ज्ञानाविषयी बुद्धघोष तिथे स्वतःच प्रश्न विचारतो: हे ज्ञान स्वतः भिते की भीत नाही? उत्तर आहे, भीत नाही. नगराच्या वेशीपाशी निखाऱ्यांचे तीन खड्डे असावेत आणि डोळस माणसाने त्यांच्याकडे पाहून ‘यात जो पडेल तो होरपळेल’ एवढे जाणावे, तो स्वतः घाबरत नाही. तसे हे आहे, असा दृष्टान्त येतो. विद्यार्थ्याने वहीत त्या परिच्छेदासमोर पेन्सिलीने लिहिले होते, “मग मी ज्याला घाबरत होतो ते काय होतं? परीक्षा, बहुतेक.” इतक्या महिन्यांनी दिसलेला तो पहिला शेरा होता.

समुपदेशकांच्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ साधकांना तो महिन्यातून एकदा भेटू लागला. वार्षिक परीक्षेनंतरच्या सुटीत, समुपदेशकांशी बोलून आणि अर्जात झटक्यांची माहिती न लपवता, त्याने दहा दिवसांचे शिबिरही केले. तिथून परतल्यावर त्याने फारसे सांगितले नाही. बसणे जमले, खुर्ची मिळाली, दुखण्यापेक्षा कंटाळ्याने जास्त छळले, आणि सहाव्या दिवशी न्हाणीघरात साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर आपण तीनदा, वजन आणि घटकांसकट, वाचून काढला, असे तो म्हणाला. वाचायला बंदी आहे हे वेष्टन खाली ठेवताना आठवले.

निर्णयाच्या जागा आणि काय वेगळे करता आले असते

मागे वळून पाहताना मला तीन जागा दिसतात, आणि तिन्ही त्या दुपारच्या आधीच्या आहेत. त्या दुपारी जे झाले ते बरे झाले, परंतु त्याला उशीर झाला होता.

पहिली जागा सतिपट्ठान सुत्त हातात दिले तेव्हाची. कादंबरी देताना मी वाचकाला चार वाक्ये सांगते: कोणत्या काळातली आहे, सुरुवात संथ आहे, अनुवाद जुना आहे. सुत्त देताना मी काहीच सांगितले नाही. पवित्र ग्रंथावर ग्रंथपालाने काय बोलायचे, असा एक संकोच होता. वास्तविक हा मजकूर तोंडी शिकवला जाणारा, शिक्षकाने उलगडून सांगायचा मजकूर आहे. ध्यानाचा विषय कल्याणमित्राकडून, म्हणजे जाणत्या मार्गदर्शकाकडून, घ्यावा असे विशुद्धिमग्गाच्या त्याच तिसऱ्या प्रकरणात सांगितले आहे. पुस्तक देतानाच ‘हे करून पाहायचे असेल तर कोणाला तरी विचारून कर’ एवढे म्हणायला मला अर्धे मिनिट लागले असते. तो ऐकता का, हे सांगता येत नाही. एकोणिसाव्या वर्षी मीही ऐकले नसते.

दुसरी जागा कोसंबींच्या गोष्टीची. लेख वाचला, घर सोडले, श्रीलंकेत पोहोचले, अशी मी ती सांगत असे, कारण त्या रूपात ती वाचनाची थोरवी छान सांगते. घर सोडणे आणि श्रामणेर होणे यांच्यामध्ये पुण्यात आणि काशीत राहून, पदरमोड आणि हालअपेष्टा सोसत, गुरूंपाशी संस्कृत शिकण्याचा काळ आहे. पाली तर त्याहीनंतर. तो भाग मी गाळत होते. समोरच्या मुलाला मी नकळत असे सांगितले की एका लेखावरून थेट उडी घेता येते. ही गोष्ट मी अजूनही सांगते, मधल्या वर्षांसकट सांगते, आणि ती पूर्वीइतकी रंगत नाही.

तिसऱ्या जागेविषयी मी अजून साशंक आहे. वहीतले शेरे जाऊन आकडे आले ते मी पाहिले होते. वाचकाच्या खासगी वहीवरून त्याच्याविषयी निष्कर्ष काढावेत का? समुपदेशकांचे मत असे की बदल दिसला तर विचारावे, त्यात निष्कर्ष नसतो. माझे एक सहकारी म्हणतात की वाचक वही उघडी ठेवतो तो विश्वासाने, आणि त्या विश्वासाचा उपयोग देखरेखीसाठी करू लागलो तर पुढचा वाचक वही मिटून येईल. दोघांचेही मला पटते. आज पुन्हा तशीच वही समोर आली तर मी आकड्यांविषयी विचारणार नाही, “हल्ली शेरे लिहीत नाहीस?” असे विचारेन. शेरे हा माझ्या कामाचा विषय आहे, मिनिटे नाहीत.

सदस्यत्व रद्द करायला आलेल्याला बसवून घेतले ही गोष्ट मात्र पुन्हा तशीच करेन. त्या दिवशी रांगेत दोनऐवजी बारा जण असते तर मी बहुधा पुस्तके मोजून घेतली असती, आणि या प्रकरणातला हा भाग निव्वळ नशिबाचा होता.

ग्रंथालयाच्या पातळीवर एक छोटा बदल झाला. बौद्ध ग्रंथांच्या आमच्या प्रतींना तारीखचिठ्ठीच्या समोरच्या पानावर आता एक कागद डकवलेला असतो. ‘हे शब्द ओळखीचे वाटतील, तरी टीप पाहा’ अशी वर ओळ आहे आणि खाली सात शब्द आहेत. पहिला अर्थातच ‘वेदना’. यादी त्या विद्यार्थ्याने आणि मी मिळून केली. अलीकडे एका प्रतीवर कोणीतरी पेन्सिलीने आठवा शब्द वाढवला आहे: ‘उपेक्षा’. पालीत ‘उपेक्खा’ म्हणजे समत्व, मराठीत मात्र दुर्लक्ष. अक्षर त्याचे नाही.